पश्चिमेच्या भिंतीचा फोटो

फोटोताईंच्या स्टुडिओत लोक यायचे ते पासपोर्ट, परवाना नाहीतर नोकरीच्या अर्जासाठी. "ताई, जरा माणसात दिसेन असा काढा," म्हणणाऱ्याला त्या सुनावत, "कॅमेरा आहे हा, इस्त्री नाही." सत्तावीस वर्षं त्यांनी चेहरेच पाहिले. इमारतीचा फोटो काढायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे चित्रमास्तर दारात येऊन "दगडी बंगल्याचे फोटो हवेत" म्हणाले, तेव्हा ताईंनी आधी नन्नाचाच पाढा लावला.

मास्तरांनी तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. दर वर्षी एक तुकडी ते टेकडीवरच्या दगडी बंगल्यात न्यायचे आणि तिथल्या जिन्यासमोर चित्र काढायला बसवायचे. बंगला तेव्हाही बेवारसच, पण ताठ उभा. निवृत्त झाल्यावर तो वाचवायचा मास्तरांनी ध्यासच घेतला. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. पालिकेत ते दिसले की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना अचानक फार काम असायचं. यात अकरा वर्षं गेली. मधल्या काळात काचबिंदूने डोळेही गेले. उजेड आणि अंधार, एवढाच काय तो फरक कळायचा. आता पालिकेने शेवटची सुनावणी लावली होती. बंगला राखायचा की पाडायचा, याचा एकदाच निकाल.

"सूनबाई मोबाइलवर काढून देते म्हणाली," मास्तर म्हणाले. "पण तिला नुसती भिंत दिसते. तुम्ही जन्मभर चेहरे बघितलेत. तुम्हाला दगड दिसेल."

ताईंनी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँड खांद्यावर टाकून त्या निघाल्या. कोपराला धरून मास्तर सोबत. ते चार वर्षांनी टेकडी चढत होते, पण वाट तोंडपाठ होती.

"आता कमान येईल. आत गेलं की डावीकडे जिना. कठड्यावर द्राक्षांचे घोस कोरलेत. नीट बघा, एक मणी दुसऱ्यासारखा नाही."

ताई बघतच राहिल्या. कठडा नव्हता. कुणीतरी मुळापासून कापून नेला होता, कापलेली कड अजून पांढरीफेक होती. चार पायऱ्या होत्या आणि पुढे काहीच नव्हतं.

"ताई? दिसला ना जिना?"

"पायऱ्या आहेत, मास्तर. चार."

"आणि वर?"

"वर आभाळ आहे."

मास्तर चाचपडत खाली बसले. बराच वेळ त्यांनी तळहात त्या पहिल्या पायरीवर ठेवला होता. मग म्हणाले, "तर मग तेच काढा. झाकायचं काही नाही. जखम उघडी केल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाही."

आणि ताई कामाला लागल्या. तासाभरात त्या मास्तर सोबत आहेत हेही विसरल्या. एकेक दगड छिन्नीच्या वेगळ्या फटक्यांनी घडवलेला होता. कुणाचा हात जड, कुणाचा हलका, तेसुद्धा कळत होतं. सर्वांत मोठी जखम पश्चिमेच्या भिंतीला होती. जोत्यापासून छपरापर्यंत उभी भेग, तीत रुजलेलं झाड, आणि मुळांनी दगड असे आवळून धरलेले की कुठलं कुणाला धरून आहे ते सांगता येऊ नये. भेगेतून ऊन आत येऊन फरशीवर पट्टा पडत होता. तो नेमका झाडाच्या बुंध्याखाली यावा म्हणून ताई पाऊण तास थांबल्या. बटण दाबलं तेव्हाच त्यांना कळलं, असा फोटो आपण आयुष्यात काढला नाही.

"मला दाखवा," मास्तर म्हणाले.

ताईंनी त्यांचा हात धरून भेगेत घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत.

"पलीकडचा वारा लागतोय," मास्तर हळूच म्हणाले.

सुनावणीला पालिकेचा इंजिनिअर होता. मास्तरांचाच विद्यार्थी. खुर्चीतून उठून त्याने त्यांना हाताला धरून बसवलं. चौदा फोटो टेबलावर मांडले गेले. पश्चिमेच्या भिंतीचा फोटो नववा होता. तो हातोहात फिरला तशी कुजबुज थांबली. ताईंना वाटलं, जिंकलो.

"हा तुम्ही काढलात?" इंजिनिअरने विचारलं. "फार सुंदर आहे." मग तो मास्तरांकडे वळला. "सर, आम्ही दोनदा पाहणी केली, पण इतकं स्पष्ट आम्हालाही दिसलं नव्हतं. ही भिंत उभी नाहीये. झाडाने तिला धरून ठेवलंय. झाड काढलं तरी पडेल, ठेवलं तरी पडेल. एखाद्या जोराच्या वाऱ्याने जाईल."

"टेकू द्या. बाहेरून आधार द्या. मी अर्जात सगळं लिहिलंय."

"खाली वस्ती आहे, सर. उद्या कुणी दबलं तर त्याच्या आईला मी काय सांगू? जिना फार छान होता म्हणून?"

मास्तरांनी टेबलावरचे फोटो चाचपले. मग म्हणाले, "तू चौथ्या बाकावर बसायचास. तुझ्या पायऱ्या नेहमी उलट्या यायच्या."

"हो, सर," इंजिनिअर म्हणाला आणि त्याने सही केली. 'छायाचित्र क्रमांक नऊवरून स्पष्ट होते की,' अशी आदेशाची सुरुवात होती.

बाहेर आल्यावर ताईंना राहवेना. "मी तो दिलाच नसता तर..."

"तरी पडलाच असता," मास्तर घाईघाईने म्हणाले. ते दोघांनाही पटलं नाही.

आठ दिवसांनी यंत्र आलं. नोंदीसाठी फोटो काढाल का, असं पालिकेने ताईंना विचारलं. त्यांनी साफ नकार दिला. पण रिकाम्या हातांनी त्या मास्तरांना घेऊन टेकडीवर गेल्या आणि दोरीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. बाकीच्या भिंती पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत आडव्या झाल्या. मग यंत्र पश्चिमेकडे वळलं.

"पडली?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

जरा वेळाने पुन्हा, "आता?"

"नाही अजून."

वाऱ्याने जाईल म्हणत होते ती भिंत यंत्राला दोन दिवस पुरली. मुळं तोडली तरी हलेना. दुसऱ्या दिवशी यंत्राचा दात तुटला, तो बदलून आणावा लागला. ताईंनी इंजिनिअरकडे पाहिलं, तर तो हातातल्या कागदांत डोकं खुपसून उभा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जमीन हादरली आणि धुळीचा लोट आला. या वेळी मास्तरांनी काही विचारलं नाही.

धूळ बसल्यावर इंजिनिअर दोरी ओलांडून आला. त्याचे केस, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"सर," तो म्हणाला. "टेकू दिला असता तर कदाचित... मला खरंच वाटलं होतं की पडेल."

मास्तरांनी त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग ताईंचं कोपर चाचपडून शोधलं आणि म्हणाले, "चला."

दोघं उतरायला लागले. वाट अरुंद होती आणि मागून दगड भरलेले ट्रक येत होते. दर थोड्या वेळाने त्यांना कडेला सरकून, ट्रक पुढे जाईपर्यंत थांबावं लागत होतं.