पंधरा सेकंदांची कविता

धाकटीची प्रयोगशाळा तळघरात होती. तिथं उतरलं की पाण्याखाली आल्यासारखं माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. मोठाल्या बरण्यांत शेवाळ वाढत असायचं आणि दिवे त्या बरण्यांच्या मागे. त्यामुळे भिंती हिरव्या, छत हिरवं, आणि तिथं बसणाऱ्याचं तोंडही हिरवं. हवेचा पंप बारा महिने तेरा काळ स्वतःशी पुटपुटत राही. दिवस सोळा तासांचा आणि रात्र आठ तासांची, कारण दिव्यांचं घड्याळच तसं लावलेलं. बाहेर ऊन आहे की पाऊस, याच्याशी त्या खोलीला काही देणंघेणं नव्हतं.

या खोलीत पाणपिसवा राहत. पाणपिसू म्हणजे काय, तर तीळसुद्धा मोठा वाटेल एवढा पाण्यातला जीव. अंग काचेसारखं आरपार. भिंगाखाली धरलं की आत हृदय धडधडताना दिसतं, आणि मोजायला जावं तर मोजून होत नाही, इतकं भरभर! तळ्यातलं शेवाळ या पिसवा खातात आणि मासे या पिसवांना खातात. त्या गेल्या की तळं गेलं, इतका साधा हिशेब. म्हणून शेतात नवीन काही घालायचं म्हटलं की आधी विचारायचं ते यांना. बोलता येत नाही बिचाऱ्यांना. पोहल्या तर होकार, तळाशी पडल्या तर नकार.

आता या घरची मंडळी सांगतो, नाहीतर पुढे घोळ होईल. थोरली बहीण ताई रसायनवाली, तिचा नवरा भावजी मातीवाले, मामा कवितेवाले, आणि धाकटी पिसवांवाली. एका घरात चार संशोधक, आणि स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय! मामा तर निवृत्त होऊनही कामावर येत. माणसं कविता म्हणताना कुठल्या ओळीवर किती वेळ रेंगाळतात, हे ते चाळीस वर्षं सेकंदांत मोजत होते. लोक हसायचे. मामाही हसायचे आणि मोजायचे.

ताईनं सात वर्षं खपून एक पूड बनवली होती. खारावलेल्या जमिनीत पेरण्याआधी ती बियाण्याला चोळायची. मग मुळांना मीठ बाधत नाही. भावजींच्या चाचणीच्या वाफ्यांत जिथं पांढरा थर सोडून काही दिसत नसे, तिथं यंदा गुडघाभर गहू डोलत होता. भावजी स्वभावानं मुलखाचे अबोल, पण त्या गव्हाबद्दल विचारलं की त्यांना थांबवावं लागे. प्रश्न एकच उरला होता. शेतातून वाहून पूड तळ्यात गेली तर? तेवढं उत्तर धाकटीनं द्यायचं, आणि सोमवारी ताईचा निबंध परवानगीसाठी जायचा. सात वर्षांचं घोडं या पिसवांपाशी अडलं होतं म्हणा ना.

नियम असा. बारा भांडी, प्रत्येकात पाच पिसवा. चार भांड्यांत साधं पाणी. चारांत एक ठाऊक असलेलं विष, पिसवा ठीक वागतायत ना हे बघायला. आणि चारांत ताईची पूड, तळ्यात पोचेल तेवढीच पातळ. दोन दिवसांनी भांडं हलकेच फिरवायचं आणि पंधरा सेकंद थांबायचं. तेवढ्यात जी पोहली नाही, ती ‘अचल’. विसांतल्या दोनपर्यंत अचल चालतील, तिसरीला पूड नापास. आणि कुठल्या भांड्यात काय आहे ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. भांड्यांतलं पाणी भावजी तयार करत, वर नुसते आकडे टाकत आणि यादी आपल्या कपाटात कुलपात ठेवत. बायकोचं काम आणि मेहुणीची मोजणी, उद्या कोणी बोट दाखवायला नको!

पण पंधरा सेकंद मोजायचे कसे? एका हातात भांडं, दुसऱ्यात पेन, डोळा भिंगाला. घड्याळ बघायला तिसरा डोळा हवा. धाकटीनं यावर आपली युक्ती काढली होती. मामांनी तरुणपणी चार ओळी रचल्या होत्या, त्या ती मनातल्या मनात नाही, चांगल्या ओठांनी म्हणायची:

पाण्यावरती ऊन सांडले, वेचायाला कोण?
काठावरच्या गवतालाही सुचले आता मौन.
हळूच हलते काही खाली, हळूच येते वरी,
थांब जरासा, थांब जरासा, श्वास घेउ दे तरी.

बरोब्बर पंधरा सेकंद. दर सोमवारी ती रिकामं भांडं समोर ठेवून, घड्याळ लावून हे तपासायची. कधी अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. तिला त्याचा केवढा अभिमान! हिरव्या उजेडात तिचे ओठ हलत, भांड्यात ठिपके उड्या मारत, आणि कविता संपेस्तोवर पिसवा कुठल्या आणि आपण कुठले, हे तिचं तिलाच उमगत नसे. कधीकधी तर वाटे, आपणच खाली आहोत आणि वरून कोणीतरी आपल्याकडे बघत चार ओळी म्हणतंय.

पुडीच्या सहा फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीची यादी भावजींनी अजून उघडायची होती. आधीच्या पाचांत पुडीच्या भांड्यांत विसांतली फार तर एक अचल निघाली होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला होता. ताईनं तर खुशीत येऊन तिच्या डोक्यावर टपली मारली होती, आणि ताईची टपली म्हणजे दुसऱ्यांची शाबासकी.

शुक्रवारी दुपारी मामा जिना उतरून आले. हातात कागद, चष्मा कपाळावर, आणि चेहरा असा की लॉटरी लागली.

“पोरी, तू मला तारलंस!” मामा म्हणाले.

“मी काय केलं?”

तीन महिन्यांपूर्वी मामांनी तिच्या टेबलावर एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवलं होतं. एकच बाई, एकच कविता, दिवसात बारा-बारा वेळा. असा खजिना त्यांना कुठं मिळणार? तिनंही हो म्हटलं होतं आणि नंतर ते यंत्र विसरून गेली होती.

“चाळीस वर्षं मी हेच शोधतोय,” मामांनी कागद टेबलावर पसरला. “माणूस मुद्दाम न ठरवता एकच कविता दोन लयींत म्हणतो का? तू म्हणतेस! हे बघ, या आठवड्याची फेरी. पहिलं भांडं, पंधरा सेकंद. दुसरं, पंधरा. तिसरं, बावीस! चौथं पंधरा, पाचवं तेवीस. मग आठवं, मग अकरावं. बाकी सगळी पंधरा. शेवटच्या ओळीवर तू अशी थांबतेस, अशी थांबतेस, की ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. सहाही फेऱ्यांत चारच भांडी. तुला ठाऊक होतं का गं?”

धाकटीला ठाऊक नव्हतं. पंप पुटपुटत होता, मामा काय बोलत होते ते तिला लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

ती उठली. तिसरं भांडं अजून धुतलेलं नव्हतं. तिनं ते नाकाशी नेलं. मग चौथं. मग पुन्हा तिसरं. अगदी पुसट वास होता, ओल्या खडूचा म्हणावा तसा. दुसऱ्या कोणाला सांगूनही आला नसता. पण सात वर्षं ताई संध्याकाळी घरी यायची ती हा वास घेऊन. जवळ घेतलं की तिच्या बाहीला यायचा. भांड्यांवर नुसते आकडे होते, मान्य. नाकाला कुठं आकडे कळतात?

“मामा, बसा तुम्ही. मी आले.”

भावजी शेजारच्या खोलीत मातीची ताटं वाळत घालत होते. तिनं काही न सांगता यादी मागितली. त्यांनी कुलूप काढलं आणि वाचलं, “पूड: तीन, पाच, आठ, अकरा.” मग तिच्या तोंडाकडे बघून यादी खाली ठेवली.

तिनं सगळं सांगितलं. भावजींनी हातावरची माती हळूहळू झटकली. “सांगायचं कोणी? तू की मी?”

“मीच.”

ती परत आली तेव्हा मामांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. बिचारे एकदम म्हातारे दिसायला लागले होते. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. “हे बघ,” ते खाली मान घालून म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षं थांबलो, अजून थांबेन. हा कागद माझ्याबरोबर जाईल. पिसू सात सेकंद उशिरा हलली म्हणून काय झालं? हलली ना शेवटी?”

खोटं कशाला बोला, धाकटीला क्षणभर ते पटलं. पटलं नाही, तर पटवून घ्यावंसं वाटलं. सगळी खोली जणू कुजबुजत होती, राहू दे, राहू दे. गुडघाभर गहू, ताईची टपली, सात वर्षं. आणि समोर काय, तर भिंगाशिवाय न दिसणारे चार ठिपके. पण त्या ठिपक्यांना तिनं हातानं चमच्यानं उचलून भांड्यात सोडलं होतं. तळ्यात कोणी कवितेसाठी थांबत नाही. सुस्तावलेल्या पिसवेला पंधरा सेकंदही कोण देतंय!

“मामा, तो कागद द्या,” ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर ताई निबंधाची शेवटची पानं तपासत बसली होती. धाकटी दारातच उभी राहून बोलली, कारण आत गेली असती तर तो वास आला असता. ताईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर मात्र भडकली.

“कविता? मोजायला कविता? आमच्याकडे भिंतीवर घड्याळ असतं, बाई!”

“चुकलंच माझं.”

“सात वर्षं, कळतंय का तुला? आणि बावीस सेकंदांनी हलली म्हणजे जिवंतच आहे की ती. मेली तर नाही ना?”

“नियम पंधराचा आहे, ताई.”

“नियम मला शिकवू नकोस! पाच वर्षांची होतीस तेव्हा तुला शंभरपर्यंत मोजायला मी शिकवलंय.”

खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिच्या टेबलावरची धूळ तरंगत होती, आणि दोघी बहिणी ती धूळ बघत राहिल्या, जणू तिथंच काही लिहिलं होतं. धाकटीला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे, विसर. म्हणाली असती तर आपण काय केलं असतं, हे तिला पुढे कित्येक वर्षं सांगता आलं नाही.

“माझ्यासाठी का थांबलीस तू?” ताईनं अगदी हळू विचारलं. “माझ्याच भांड्यांपाशी का?”

“मला माहीत नव्हतं थांबतेय ते. देवाशपथ. तुझं नीट व्हावं एवढंच आत कुठंतरी असणार.”

ताईनं मोठा श्वास घेतला. “आपलेच दात, आपलेच ओठ,” ती म्हणाली. “पुन्हा भांडी लाव. या वेळी मोजणार मी.”

“तुला वास ओळखता येईल.”

“येऊ दे. घड्याळाला नाक नसतं.”

भांडी शुक्रवारीच लागली. रविवारी दुपारी चौघंही तळघरात जमले. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर, भावजी दाराशी, मातीचे बूट बाहेर काढून. घड्याळ धाकटीच्या हातात. ताई भिंगाशी वाकली, आणि तिचंही तोंड हिरवं झालं. वास यायचाच, म्हणून यादी या वेळी उघडीच होती. साधी चार भांडी सरळ गेली, विषाची चारही जशी जायची तशी गेली. मग ती एका भांड्यापाशी जरा थबकली. वास आला असणार. तिनं भांडं फिरवलं. धाकटी मोठ्यानं सेकंद मोजू लागली, आणि मोजता मोजता तिचा आवाज भरून आला.

“बाजूला हो,” ताई भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. “तुझ्या डोळ्यांतलं खारं पाणी आत पडलं तर मला आणखी दोन दिवस थांबावं लागेल.”

मामांना हसू आलं आणि त्यांनी ते रुमालात लपवलं. त्या भांड्यात दोन अचल निघाल्या. पुढच्यात एक. म्हणजे तिथंच निकाल लागला होता, तिसरी अचल वहीत आली होती. पण ताई थांबली नाही. तिसऱ्यात दोन.

शेवटच्या भांड्यात चार पिसवा पोहत होत्या आणि पाचवी तळाशी होती. ताईनं भांडं फिरवलं. धाकटी मोजत होती. तेरा, चौदा, पंधरा. तिनं घड्याळ बंद केलं. पाचवी अजून तळाशीच होती. ताई पेन उचलायचं सोडून भिंगातच बघत राहिली. आणि मग पाचवी हलली. आधी एक हात, मग दुसरा, आणि लटपटत, हळूच, ती वर निघाली.

“ताई, हलली,” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

“दिसलं मला,” ताई म्हणाली. ती पिसू पार वरपर्यंत पोचेस्तोवर ती बघत राहिली. मग सरळ बसली, वही ओढली आणि त्या भांड्यापुढे लिहिलं, ‘अचल, एक’. खाली बेरीज केली, सहा. मोजणाऱ्याच्या जागी आपली सही केली आणि वही भावजींकडे दिली.