शुद्धीची तपासणी

नवऱ्याचा मेसेज रोज दुपारी यायचा. 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं.' कधी 'खायला उठतं'च्या जागी 'सुनंसुनं वाटतं', कधी शेवटी एक तुटलेलं हृदय. अतिदक्षता विभागात एखाद्याच्या घशात नळी घालून डॉक्टर बायको जरा मोकळी झाली, की हातमोजे काढायची, बाथरूमचं दार लावून घ्यायची आणि घाईघाईने उत्तर द्यायची. एकदा तर तिने रुग्णाच्या मुलीला बाहेर ताटकळत ठेवून याला बदाम पाठवला होता. उत्तराला उशीर झाला की स्वारी रुसायची आणि सासरच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकायची : 'सवय झालीय.' लगेच नणंदेचा गळा भरून यायचा. "वहिनी, दादाला थोडा तरी वेळ दे गं. किती जीव लावतो तुला!"

या जीव लावण्यापायीच आज संध्याकाळपर्यंत तिला विभागप्रमुखांना उत्तर द्यायचं होतं. अतिदक्षतेचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून तिने ओपीडीत दहा ते पाचची खुर्ची धरावी, असा नवऱ्याचा धोशा होता.

"नोकरी सोड म्हणतोय का मी? आपला संपर्क राहावा, एवढंच." संपर्क हा शब्द तो विमा विकणाऱ्याच्या सुरात उच्चारायचा.

प्रमुखांनी स्वच्छ सांगितलं होतं, "खुर्ची देतो. पण इथली जागा परत मागायला यायचं नाही."

ती 'हो' म्हणणार होती. काल रात्रीपासून ड्युटी होती, पण आज बदलीची डॉक्टर लवकर आली, ही दुपारीच सुटली. वाटलं, आधी त्याला तोंडाने सांगावं. बिचारा खूश होईल.

किल्लीने दार उघडलं तेव्हा बिचारा दाराकडे पाठ करून बसला होता. तो घरून काम करायचा. काम म्हणजे सध्या समोरच्या स्क्रीनवर धूर, बंदुका आणि पळापळ. कानांवर चहाच्या बश्यांएवढे हेडफोन. तेवढ्यात खेळात तो मेला. त्याने फोन उचलला.

"थांबा रे, परत जिवंत होईपर्यंत हजेरी लावून घेतो," तो दूरच्या मित्रांना म्हणाला. "बायकोकडे, आणखी कुणाकडे? दुपारचा डोस. एकदा दिला की रात्रीपर्यंत कटकट नाही."

एक जांभई, अंगठ्याची थोडी हालचाल, आणि तिच्या खिशातला फोन थरथरला. 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं.'

खायला उठलेल्या घराने आतापर्यंत बिस्किटांचा एक पुडा तेवढा खाल्लेला दिसत होता. चुरा नवऱ्याच्या पोटावर होता.

राग यायला हवा होता. पण रात्रभर जागलेल्या माणसाला राग परवडत नाही. तिला आलं ते कुतूहल. विभागात नवा रुग्ण आला की तो कितपत शुद्धीवर आहे हे ती पायरीपायरीने बघायची : आधी हाक, मग हात लावणं, मग चिमटा.

"अरे, मी आलेय."

काही नाही.

"अरे ए!"

ढिम्म. हात लावायची पायरी तिने गाळली. तेवढी इच्छा उरली नव्हती. स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं आणि त्याच्या खुर्चीमागे फरशीवर सोडलं. ताट गरगर फिरत, बोंबलत शांत झालं.

"वरचे लोक दिवसभर काय आपटतात कोण जाणे," तो मित्रांना म्हणाला. मान वळली नाही.

राहिला चिमटा. ती कोपऱ्यात गेली आणि वायफायची वायर ओढली.

"अरे! नेट गेलं!" रुग्ण ताडकन उठला, हेडफोन उतरले, डोळे उघडले. ते आधी वायरवर गेले, मग तिच्यावर. "तू? तुझा पाय लागला का त्याला?"

शुद्धीवर आहे, तिने मनाशी नोंदवलं. स्थळकाळाचं भान नाही.

"कधी आलीस? म्हणजे... आत्ताच तुला मेसेज केला बघ. इतकी आठवण येत होती ना!"

"मिळाला. इथेच उभी होते."

तो हसला. ते हसूही रोजच्या मेसेजसारखंच होतं, थोडा फेरफार करून पाठवलेलं. "बघ, म्हणूनच म्हणतो, आपल्याला एकमेकांचं कळतच नाही हल्ली. सांगितलंस का सरांना?"

"सांगते." तिने तिथेच फोन लावला. "सर, मला ती खुर्ची नको. मी अतिदक्षतेतच राहतेय. हो, पक्कं."

"अगं, पण आपलं काय? आपला संपर्क?"

"तो चालू दे की. मी घरात असले काय नि नसले काय, तुला कुठे फरक पडतो?" तिने ताट उचललं. "फक्त मी उत्तर द्यायची नाही. मला तिकडे माणसं असतात."

"म्हणजे एवढ्याशा गोष्टीवरून..." तो पुटपुटला. टेबलावरचा त्याचा फोन उजळला. कुणा मित्राचा मेसेज होता, आहेस का रे, गेलास का? नवऱ्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

ती झोपायच्या खोलीच्या दाराशी पोचली, तेव्हा मागून हाक आली. कितीतरी दिवसांनी इतकी कळवळून.

"ऐक ना!"

ती थांबली.

"तेवढी वायर लाव ना जाता जाता."