चौथी वाटी

“हे फूल न्हाई, ताई,” रूपाबाई वासाची कांडी नाकापासून बाजूला सारत म्हणाली. “फूल डोक्यात माळायचं आसतं. ह्यो वास तिरडीचा हाये.”

पुण्याहून आलेल्या मोहिनीताईनं हातातलं कार्ड पुन्हा तिच्यापुढे धरलं. त्यावर एक गुलाब होता आणि कुठल्या मुलखातली कोण जाणे अशी तीन फळं. चारांतल्या एका चित्रावर बोट ठेवायचं, एवढंच काम.

“तिरडीवर शिंपडतेत त्ये पानी हाये हे,” रूपाबाई हटूनच बसली. “त्येचं चित्र काढा, मंग बोट ठिवते.”

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, परमेश्वर मालकांच्या आडतीपुढच्या पत्र्याखाली जमलेली माणसं खो खो हसली. हसला नाही तो फक्त तिचा नवरा, वसराम. रांगेत त्याच्यापुढे आता एकटा फुलसिंग हमाल उरला होता.

वसराम बावीस वर्षं या आडतीवर हळदीची पारख करत होता. शेतकऱ्यानं ढीग ओतला की त्यातलं एक हळकुंड उचलायचं, मोडायचं, नाकाशी न्यायचं आणि मालाचा नंबर, पहिला, दुसरा की तिसरा, मोठ्यानं पुकारायचा. त्याच्या पुकाऱ्यावर खरेदीदार डोळे मिटून बोली लावायचे. बंजारा तांड्यावरचा एक माणूस नाकाच्या जोरावर मोंढ्यात मान मिळवून होता, आणि तेच नाक गेल्या पोळ्याला दगा देऊन बसलं. आठ दिवस ताप आला, ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. पार घेऊन गेला. फोडणी कळेना, रॉकेल कळेना, दारातली शेळी कळेना.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. हळकुंड मोडताना होणारा आवाज, नखाला लागणारा रंग, बोटाला जाणवणारी ओल, एवढ्यावर तो दिवस ढकलत होता. नाकाशी नेणं हे निव्वळ नाटक होतं.

आणि आता ही मोहिनीताई. शहरातल्या, तांड्यावरच्या आणि धनगरवाड्यावरच्या माणसांना सारखेच वास ओळखू येतात का, हे तिला पाहायचं होतं म्हणे. पेटीत स्केचपेनसारख्या सोळा कांड्या, प्रत्येकीत एक वास. मालकांना हौस दांडगी. ती जिल्ह्यात आल्याचं कळताच त्यांनी तिला हुडकून आपल्या आडतीवर आणलं होतं. “आमच्या वसरामला तपासा,” सकाळपासून ते दहा जणांना ऐकवत होते, “तुमच्या कांड्या कमी पडतील.”

फुलसिंगनं पुदिन्याला डोकेदुखीचा बाम ठरवलं आणि तो सहा गुणांवर उठला. रूपाबाईचे सात झाले होते, मालकांचे स्वतःचे अकरा.

वसराम खुर्चीवर बसला. कांडी आली. त्यानं सवयीनं डोळे मिटले, श्वास ओढला. आत नुसती हवा गेली. त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. पुढची कांडी, पुढचं बोट. सोळाव्या कांडीपर्यंत त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ सदऱ्यात उतरले होते.

“चार,” मोहिनीताई म्हणाली.

मालकांचं तोंड एवढंसं झालं.

“चूक यांची नाही,” मोहिनीताईच घाईनं म्हणाली. “या कांड्या परदेशातल्या माणसांसाठी बनवल्यात. जी फळं कधी पाहिलीच नाहीत, ती कशी ओळखणार? तांड्यावरच्या सगळ्यांचेच गुण कमी आलेत.”

वसरामचा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं त्याला वाटलं. पण मालक थोडेच ऐकणार!

“मंग आमच्या वासावर घ्या परीक्षा,” ते उठलेच. “पाच वाट्या भरू. पाच ढिगांतली हळद. डोळ्यांवर पट्टी आन हात माघं. रूपा, भर गं वाट्या.”

आता काही इलाज नव्हता. हात मागे म्हणजे आवाज गेला, रंग गेला, ओलही गेली. फुलसिंगनं गमछा बांधला आणि वसरामनं हात पाठीमागे नेले.

याच आडतीवर हळद निवडणाऱ्या रूपाबाईनं वाट्या भरल्या आणि पहिली त्याच्या नाकाखाली धरली. धरता धरता ती घरच्या गोर बंजारा बोलीत नवऱ्यावर खेकसली, मान वर करा म्हणून खेकसावं तशी. बोलली मात्र एवढंच: जुनी आहे, दोन वर्षांची.

वसराम गारठलाच. हिला माहीत होतं! किती महिन्यांपासून माहीत होतं? चुलीवरचं कोरड्यास करपलं तरी तो शेजारी तसाच बसून राहिला, त्या दिवसापासून? की त्याही आधीपासून?

“जुनी,” तो म्हणाला. “दोन सालाची.”

“बराबर!” मालकांनी मांडी ठोकली.

दुसऱ्या वाटीला ती पुन्हा खेकसली. कच्ची उकडलेली. तिसरीला, ओल धरलेली. दोन्ही बरोबर आल्या. मोहिनीताई भराभर लिहून घेत होती. तिला ती बोली कळत नव्हती, मालकांनाही नाही. ज्यांना कळत होती ते तांड्यावरचे हमाल आपापल्या पायांकडे बघत गप्प उभे होते. फुलसिंगसुद्धा. त्यांचं ते गप्प राहणं वसरामला गमछ्याआडूनही जाणवत होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

चौथी वाटी आली. रूपाबाई काहीच बोलली नाही.

तो थांबला. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, पण शब्द येत नव्हता.

तेवढ्यात समोरून आवाज आला, “माझ्याच ढिगातली घेतली जनू.” हा मसाजी, सिद्धेश्वर धरणाकडचा धनगर. चार मेंढरं राखून थोडी हळद करणारा म्हातारा. “घ्या की. वसरामभाऊंनी सकाळीच तिसरा नंबर सांगितला. वास उतरला म्हणले. मला तं बरी वाटली व्हती, पर त्येंच्या नाकापुढं आपुन काय बोलावं?”

“आरं, सांगतो काहून?” मालक खेकसले. “परीक्षा चालूये न्हवं?”

वसरामला सकाळ आठवली. मसाजीचा ढीग बोटाला थंड लागला होता. आणताना वरून दव बसलं असेल. तेवढ्यावर त्यानं तिसरा नंबर पुकारला होता, आणि म्हातारा एक अक्षर न बोलता मान हलवून बाजूला झाला होता. रूपाबाई का गप्प आहे, हे आता त्याला उमगलं. हळद चांगली होती. चांगली म्हणावं तर नवरा उघडा पडतो, वाईट म्हणावं तर म्हातारा बुडतो. बिचारीला दोन्ही जमत नव्हतं.

“उतरलेली,” एवढा एक शब्द म्हटला की झालं. सकाळशी जुळलं असतं. बावीस वर्षं शाबूत राहिली असती.

त्यानं हात पुढे आणले आणि गमछा सोडला.

“मालक, मला वास येईना,” तो म्हणाला. “पोळ्यापासून येईना. हिनं सांगितलं, आमच्या बोलीत. मी नुसतं बोललो.”

मोहिनीताईचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

“आन इतके महिने?” मालकांनी विचारलं.

“बोटानं. आवाजानं. आंदाजानं. मसाजीभाऊ, तुमचा ढीग म्या चुकीचा पुकारला. आजून कुनाकुनाचे चुकले, त्ये देवाला ठावं.”

मसाजी पुढे आला. म्हाताऱ्यानं वसरामच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“भाकरीचा बी न्हाई?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“अरारा,” मसाजी म्हणाला.

मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते तसेच, न वळता बोलले, “उद्यापून काट्यावर पोती उचलायला ये. हितं रूपा बसंल. आज ह्या म्हाताऱ्याचा ढीग तेवढा नीट पुकारून टाक.”

वसराम मसाजीच्या ढिगापाशी जाऊन बसला. रूपाबाई त्याच्याशेजारी टेकली. पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं डोळे पुसून घेतले. त्यानं एक हळकुंड उचललं, कट्कन मोडलं आणि सवयीनं नाकाकडे नेलं. हात अर्ध्या वाटेवर थांबला. मग तो वळला आणि त्यानं तो तुकडा बायकोच्या नाकाशी धरला.

तिनं सावकाश वास घेतला आणि त्याच्याकडे बघून हळूच सांगितलं.

वसराम उठून उभा राहिला आणि त्यानं सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं पुकारलं, “पहिला नंबर!”