मुलेठी आणि ज्येष्ठमध

संध्याकाळी साडेसहाला पट्टीवरची लाल रेघ पुन्हा फिकी आली.

संपदाने पट्टी दिव्याखाली धरली, तिरकी केली, सरळ केली. फरक नाही. तिने पीएच.डी.साठी बनवलेल्या पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण होते. लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जितकं जास्त, तितकी रेघ फिकी. सकाळी ते चढतं, संध्याकाळी उतरतं. चाचणीसाठी नमुने देणाऱ्या शोभनाकाकूंचं उतरतच नव्हतं. त्याच वेळी काढलेलं रक्त मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होतं.

"रक्त झूठ नहीं बोलता, बेटा," तिचे मार्गदर्शक गिल सर म्हणाले. "तेरी पट्टी बोलती है. शुक्रवार को कमिटी को क्या बताएगी?"

समितीने पट्टी नापास केली की पीएच.डी. पहिल्यापासून. संपदाला प्रयोगशाळेत बसवेना. तिने काकूंच्या घराकडची, एरोसिटीची बस पकडली.

काकूंचे यजमान हवाई दलात, सध्या लेहला. काकू घरी मुलांना गाणं शिकवत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या गालात काहीतरी होतं.

"ये गं. चेहरा बघ तुझा. आधी तुझीच लाळ तपास."

"काकू, नमुना देण्याआधी काही खाल्लं होतंत?"

"तासभर पाणीसुद्धा नाही. तू सांगितलंस तसंच."

"मग हे तोंडात काय?"

"ज्येष्ठमध. नमुना दिला की लगेच धरते. दिवसभर पोरांबरोबर ओरडायचं, वर ह्यांचा फोन लागत नाही म्हणून तिकडे ओरडायचं. घसा नको सांभाळायला?"

संपदा टेकली. "मी विचारलं होतं ना, मुलेठी खाता का?"

"आणि मी नाही म्हटलं. बर्फीसारखं काहीतरी असतं ना ते?"

"अहो, मुलेठी म्हणजेच ज्येष्ठमध."

नमुने देणाऱ्या इथल्या सगळ्यांना हिंदीत विचारता विचारता तिने लातूरच्या काकूंनाही हिंदीतच विचारलं होतं. लाळेतलं कॉर्टिसॉल एरवी तोंडातच निष्प्रभ होतं. ज्येष्ठमध ते होऊ देत नाही. रक्त ठीक आणि लाळ बिघडलेली, याचा अर्थ लागत होता. पट्टी खरं बोलत असेल.

"पक्का?" सरांनी फोनवर विचारलं. "तो मुलेठी बंद करवा. बाकी कुछ मत बदलना. लाइन गहरी आई, तो कमिटी से मैं बात करूंगा."

काकूंनी त्याच दिवशी ज्येष्ठमध सोडला. पुढचे दिवस संपदा सेक्टर २२ मधल्या आपल्या खोलीत येरझारा घालत राहिली. जेवायला बसायची आणि अर्ध्यावर उठायची.

गुरुवारी संध्याकाळी रेघ उमटली. गडद.

तिने फोटो काढून सरांना पाठवला आणि मग काकूंचा निरोप पाहिला.

"अगं, सांगायचं राहिलं. हे काल अचानक रजेवर आले. किती दिवसांनी शांत झोपले मी. चालेल ना?"

सरांचं उत्तर लगेच आलं: "गुड. और कुछ बदला तो नहीं?"

समिती सकाळी दहाला बसते. संपदाने अजून उत्तर पाठवलेलं नाही.