सुटकेचा भाग

चिंगीला पळवून नेलं, तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला होता.

मालिकेची नायिका होती ती. पण नायिकेला काम काय, तर सासूचं बोलणं ऐकायचं, डोळे भरून आणायचे आणि ट्रे घेऊन आत जायचं. त्यात लेखकाने ठरवलं, की तिला खलनायकाने पळवायचं आणि एका पडक्या गोदामात खुर्चीला बांधून ठेवायचं. दादा म्हणाला, "चला, ट्रेमधून तरी सुटलीस." वहिनीने शेजारीपाजारी सांगून ठेवलं. लेखक म्हणाला होता, "आठवडाभराचा मामला आहे. मग नायक येतो, दार तोडतो, तू सुटतेस."

पण पहिल्या आठवड्यातच बघणारे भराभर वाढले. वाहिनीच्या साहेबांनी लेखकाला बोलावून सांगितलं, की दार इतक्यात तोडायचं नाही. मग नायकाचा रस्ता चुकला. मग त्याच्या गाडीला अपघात झाला. मग त्याची स्मृती गेली. चिंगी खुर्चीतच राहिली.

ते गोदाम म्हणजे स्टुडिओच्या शेडमध्ये उभी केलेली प्लायवूडची तीन भिंताडं. पोत्यांत स्पंज भरलेला, धूळ म्हणून टाल्कम पावडर उडवायची. दोर मऊ सुताचा होता. मनगटावरचे वळ मेकअपवाला रोज लाल-जांभळ्या रंगाने काढायचा आणि सांगायचा, "ताई, घासून काढा हं, हा रंग हट्टी आहे." ती घासायची, तरी थोडा राहायचाच.

खलनायकाला सेटवर सगळे काका म्हणत. त्यांनी आजवर कितीतरी मालिकांमधल्या मुली, सुना आणि एक अख्खी शाळेची बस पळवली होती. दोर आवळण्याचा शॉट झाला की ते हळूच विचारायचे, "लागलं नाही ना बाळ?"

घरी आई होती. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि नंबर विचारायला गावभरातले लोक तिच्याकडे येत. आता तिला सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नव्हतं. दादाला ती कधी दादा म्हणायची, कधी आपला थोरला भाऊ समजून "तू कधी आलास रे?" विचारायची. चिंगीला मात्र ओळखायची. आजार जडला तेव्हापासून सगळं जग विरत चाललं होतं, पण चिंगी नावाची एक गाठ अजून घट्ट होती.

संध्याकाळी सात वाजता वहिनी तिला टीव्हीसमोर बसवायची. मुलगी दिसली की आईचा चेहरा उजळायचा. पळवून नेलं त्या संध्याकाळी मात्र ती किंचाळली. वहिनीने समजावलं, "आई, नाटक आहे ते. चिंगी येईल आता घरी." आईने मान हलवली, पण तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

चिंगी आली ती नेहमीसारखी, दारात चपला भिरकावत. "आई, मी आले गं."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. टीव्ही तेव्हा बंद होता. "नर्सबाई," ती म्हणाली, "माझी मुलगी घरी आली नाही अजून."

मध्यंतरी दिवसा एक नर्स यायची, आता बंद झाली होती. आईने चिंगीला तिच्या जागी बसवून टाकलं. मुलगी तिकडे बांधलेली आहे, मग ही इथे फिरते ती दुसरीच कुणीतरी असणार. आजारी डोक्याचा हिशेब असला तरी तो चुकत नव्हता.

पुढच्या आठवड्यात घरचा फोन वाजला. पोलीस चौकीतून होता. "तुमच्या नंबरवरून मुलगी पळवल्याची तक्रार आली. बाई फार व्यवस्थित बोलत होत्या. गोदाम, पोती, मागच्या बाजूला गज असलेली खिडकी, सगळं सांगितलं." वहिनी शरमेने अर्धी झाली. तिने खरं काय ते सांगितलं. पलीकडे हवालदार आवाज उतरवून म्हणाला, "ती मालिका होय! आमच्या घरीही बघतात. कधी सुटणार हो ती?"

त्या दिवशी दादाने टीव्हीची वायरच काढून टाकली. त्याला वाटलं, दिसणारच नाही तर विसरेल. पण सात वाजले की आई खुर्ची ओढून काळ्या पडद्यासमोर बसायची. बोटं एकमेकांत पिळत राहायची. "काहीच कळत नाही आता," ती म्हणायची. "निदान दिसत तरी होती. खाल्लं का नाही तेवढं तरी कळायचं." जेवण तुटलं, झोप उडाली. दादाने मुकाट्याने वायर परत जोडली. पडद्यावर मुलगी दिसली, तेव्हा आई हुंदका देऊन म्हणाली, "आहे. जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी चिंगी लेखकाच्या खोलीत गेली. तो भला माणूस होता, पण वरच्यांच्या धाकाने पिचलेला. तिने सगळं सांगितलं. तो डोकं धरून ऐकत होता.

"सोडवा मला," ती म्हणाली. "एक भाग लिहा. मग हवं तर परत पळवा."

"माझ्या हातात असतं तर आजच लिहिला असता."

"मग मी मालिका सोडते."

लेखकाने खिडकीबाहेर पाहिलं. "सोडलीस तर काय करायचं तेही वरून ठरवून आलंय. गोदामाला आग लागते. तू आत असतेस."

चिंगी खुर्चीवरून अर्धी उठली होती, ती परत बसली. सात वाजता टीव्हीसमोर बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली. लेखकालाही तेच दिसलं असावं. तो पुटपुटला, "म्हणून म्हणतो, राहा. बांधलेली असलीस तरी आहेस."

ती राहिली. दुपारी शॉटसाठी तिला बांधताना काकांच्या लक्षात आलं, की आज हिचे डोळे ग्लिसरीन न घालताच भरलेत. त्यांनी कारण विचारलं. ऐकून घेतलं. मग दोराची गाठ हातातच धरून म्हणाले, "मला ने तुझ्या आईकडे. पळवली मी, तर सोडायलाही मीच यायला हवं."

रविवारी ते आले. साधा सदरा, चष्मा, हातात फळांची पिशवी. दादा दारातच अडखळला. इतक्या पापभीरू दिसणाऱ्या माणसाला आई ओळखेल का, असं त्याला वाटलं. चिंगी जिन्यात थांबली. ठरलं होतं, की काकांनी हाक मारल्यावर आत यायचं.

आईने त्यांना क्षणात ओळखलं. चष्म्याने तिला काही फरक पडला नाही. ती उठून उभी राहिली. ती ओरडेल, अंगावर धावून जाईल, म्हणून वहिनी पुढे सरसावली. पण आई ओरडली नाही. तिने काकांना बसायला खुर्ची दिली.

"चहा घ्याल?" ती म्हणाली.

काकांनी फळांची पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही मोठी माणसं," आई म्हणाली. आवाज एक्स्चेंजमधला होता, नम्र आणि स्पष्ट. "तुमचं काहीतरी अडलं असेल, त्याशिवाय कोण असं करेल? पण ती फार घाबरट आहे हो. लहानपणी न्हाणीघराची कडी आतून लावायला भ्यायची. मी बाहेर उभी राहून गाणं म्हणायची. तिथे तिच्यासाठी कोण गाणं म्हणतं?"

काकांनी चष्मा काढला.

आई त्यांच्यासमोर वाकली आणि तिने दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली. "मला न्या. मला बांधा. मी आवाज करणार नाही. माझं इथे काही काम नाही, मला कुणी शोधायलाही येणार नाही. तिला सोडा. तुम्हाला काय, खुर्चीत कुणीतरी बसलेलं हवं."

जिन्यातून चिंगीला सगळं ऐकू येत होतं. तिने तोंडावर हात दाबला होता.

काकांनी आपल्या रुंद हातांत आईची मनगटं घेतली. पाठ केलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. "सोडली," ते म्हणाले. "सोडली हो मी तिला. चुकलं माझं. चिंगी, ये गं बाळ, ये आत."

चिंगी आत आली. मनगटावरचा कालचा रंग अजून पुरता गेला नव्हता. आईने तो पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि मुलीला पोटाशी धरलं. "आलीस," एवढंच म्हणाली. पुन्हा पुन्हा तेवढंच.

त्या दिवशी सगळे एकत्र जेवले. काकांनाही आईने आग्रहाने बसवलं, आणि वाढताना दादाच्या कानात सांगितलं, "याला पोटभर वाढ. भुकेलेला माणूस वाईट वागतो." दादाला हसू आवरेना. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं.

पुढचे काही दिवस टीव्ही बंद राहिला आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. चिंगी कामावर जाताना वहिनी सांगायची, "बाजारात गेलीय, येईल." ती आली की आई तिचे हात तपासायची, म्हणून चिंगी स्टुडिओतच तासभर मनगटं घासून यायची. कातडी सोलवटायची. पण आई तिला चिंगी म्हणत होती. त्यापुढे कातडीचं काय!

हे सगळं समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींनी मोडलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आजारी बाईशी गप्पा माराव्यात म्हणून त्या येऊन बसल्या आणि हसत म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलीला सोडत का नाहीत ते? काल तर पाणीसुद्धा दिलं नाही मेल्याने!"

चिंगी तिथेच होती, आईचे केस विंचरत. आईची पाठ ताठ झाली. तिने मान वळवून चिंगीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग चिंगीच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि थंडपणे म्हणाली, "नर्सबाई, तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

त्यानंतर तिने चिंगीला कधी ओळखलं नाही. काका पुन्हा यायला तयार होते. पण चिंगीच नको म्हणाली. आईकडून पुन्हा ती मनगटं पुढे करवून घेण्याची तिची छाती झाली नाही.

हिवाळ्यात आईच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात हलवून उपयोग नाही, घरीच राहू दे. चिंगीने रजा मागितली. लेखकाने गोदामातले खूप प्रसंग आधीच चित्रित करून घेतले होते, त्यामुळे ती मिळाली. आईच्या खाटेशी नर्स होऊन ती बसून राहिली. औषध दे, अंग पुस, उशी सरळ कर. आईला ही नर्स आवडायला लागली होती.

एका दुपारी आई म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीला पाहिलंय का?"

"टीव्हीवर पाहिलंय," चिंगी म्हणाली.

"छान काम करते ना?"

"ठीक करते."

"ठीक नाही, छान करते." आईला धाप लागली, थांबून ती पुढे बोलली. "तिचा बाप नको म्हणत होता या धंद्यात. मीच म्हटलं, जाऊ दे. तिला वाटतं मलाही आवडलं नाही. मी कधी बोलले नाही ना तसं. एक्स्चेंजमधल्या सगळ्या बायका पहिल्या भागाला आमच्या घरी आल्या होत्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडत होते. आनंदाने हो. तिला नाही सांगितलं. डोक्यात हवा जायची."

चिंगीने भांड्यात फडकं पिळलं. परत पिळलं. "मी सांगेन तिला," ती म्हणाली.

"सांगा. आणि म्हणावं, दमलीस तर ये. पण तिच्या हातात कुठे आहे?"

त्याच आठवड्यात आई गेली. सकाळची वेळ होती. दादा पाण्याचा पेला घेऊन आला तेव्हा चिंगीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आईचे डोळे उघडे होते आणि चिंगीवर होते. त्या शेवटच्या नजरेत ती कोण होती, मुलगी की नर्स, हे चिंगीला कळलं नाही. पुढे कितीदा तरी तिने ती नजर आठवून पाहिली.

सुटकेचं चित्रीकरण महिन्याभराने झालं. लोक कंटाळू लागले होते, वरून होकार आला होता. नायकाने दार तोडलं, दोर कापला. दारापलीकडे मालिकेतली आई हात पसरून उभी होती. एक गोड स्वभावाची नटी, चिंगीपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठी. चिंगीने उठून तिच्याकडे धावायचं होतं.

ती उठली आणि उभीच राहिली.

"कट! अगं धाव की," दिग्दर्शक ओरडला. "आई आहे ना ती तुझी!"

लेखकाने मान खाली घातली. काका त्यांच्या शॉटची वाट बघत कोपऱ्यात बसले होते. ते उठून दिग्दर्शकापाशी गेले आणि त्याला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "पाच मिनिटं घ्या सगळे," तो म्हणाला.

चिंगीला कुणीतरी पाणी दिलं. मालिकेतली आई तिच्या शेजारी येऊन नुसती बसून राहिली. मग पुन्हा दिवे लागले, पुन्हा दोर बांधला, पुन्हा कापला. या वेळी चिंगी धावली. शॉट चांगला झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी दादा आणि वहिनी आईचं कपाट आवरत होते. चिंगी चपला काढून त्यांच्यात जाऊन बसली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"झालं का?" दादाने विचारलं.

"झालं."

वहिनीने आईची शाल तिच्याकडे सरकवली. चिंगीने ती मांडीवर घेतली, आणि तिघं पुढचा कप्पा उपसायला लागले.