खडकापाशी बदलायची चिप

एव्हरिस्ट हिपोलिटांनी एका पत्राला अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते टेबलाच्या डाव्या खणात होतं आणि खण उघडताना हिपोलिट दर वेळी दुसरीकडे बघत.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट बर्तिल या चिमुकल्या बेटदेशाच्या दूरसंचार कार्यालयात ते उपसंचालक होते. पत्र आलं होतं नऊ मैलांवरच्या शेजारी देशातून, तिथल्या ग्रँड कोव्ह गावाहून. लिहिणाऱ्या मिस इझ्मे क्वाशी, निवृत्त शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, की आमचा फोन मधल्या समुद्रात अर्ध्यापुढे आला की तो परदेशात गेला असं तुम्ही धरता, आणि मिनिटाला इतके पैसे लावता की बोलणाऱ्याचा आवाजच बसतो. तुमच्या फोनचं आमच्याकडे तेच. म्हणून दोन्हीकडचे कोळी मधल्या पेलिकन खडकापाशी इंजिन बंद करतात, कारण त्या थरथरीत फोनमधली सिमची चिप बोटांत राहत नाही. ओल्या हातांनी एक चिप काढायची, दुसरी घालायची, मग पुढे निघायचं. माझा भाचा जोस्लिन रोज हे करतो. त्याला त्याचं हसू येतं, मला येत नाही. दोन्ही देशांची संयुक्त समिती तुमच्या कार्यालयाचं मत मागणार आहे असं कळलं. दोन्हीकडे चालणारी चिप, एकच दर, मदतीचा एकच नंबर, एवढ्याला ‘हो’ म्हणाल का?

हिपोलिटांना मनातून ते पटलं होतं. पण संचालक लँगडनसाहेब म्हणाले, “आज नियम एक केले तर उद्या ते म्हणतील ऑफिसही एकच पुरे, आणि ते तिकडे. मग तुम्ही-मी काय, धक्क्यावर नारळ विकायचे?” सगळे हसले. हिपोलिटही हसले आणि जागेवर येऊन त्यांनी समितीसाठी एक ओळ टाइप केली: ‘अधिक अभ्यास आवश्यक.’ पत्राला उत्तर द्यायचं तर परदेशी पत्र आधी परराष्ट्र खात्याकडे पाठवावं लागतं. तेही त्यांनी पाठवलं नाही. आपल्यापैकी बरेच जण असंच करतात. नाही म्हणायचं धाडस नसतं, हो म्हणायचंही नसतं, मग आपण खण लावून घेतो.

सप्टेंबरात एके दिवशी जोस्लिन परतला नाही. चार दिवसांनी त्याची होडी दक्षिणेला सापडली, रिकामी. पेलिकन खडकापाशी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं नसावं आणि प्रवाहाने होडी ओढून नेली असावी. फोन जेवणाच्या डब्यात होता, पाठ उघडी, आत एकही चिप नाही. एखादी पाण्यात पडली असेल, की दोन्ही, हे कोण सांगणार? चिप नसलेल्या फोनवरून मदतीचा नंबर लागावा की नाही, हे दोन्ही देशांत अजून ठरायचं होतं. त्याचाही अभ्यास चालू होता.

हिपोलिटांच्या दिवंगत पत्नीची मावशी, टँटी वेल्मा, धक्क्यावर तळलेली भाकरी आणि खारी मासळी विकायची. जोस्लिनसाठीच्या प्रार्थनेला ती पलीकडे जाऊन आली आणि हिपोलिटांच्या स्वयंपाकघरात बसली. मग हिपोलिटांनी खिशातून ते पत्र काढलं. बातमी आल्यापासून ते खिशातच होतं.

“वाच,” टँटी म्हणाली. “चष्मा तिकडेच विसरलेय.”

त्यांनी वाचून दाखवलं.

“कधी आलं हे?”

“गेल्या ऑक्टोबरात.”

“आणि तू काय लिहिलंस तिला?”

“टँटी, परदेशी पत्राला आम्हाला थेट उत्तर देता येत नाही. नियम आहे.”

“परदेशी?” टँटीने कप खाली ठेवला. “तुझ्या लग्नाचा केक इझ्मेनं केला होता, एव्हरिस्ट. नऊ मैल होडीत मांडीवर धरून आणला होता तिनं.”

हिपोलिट खाली बघत म्हणाले, की कारभार एक झाला तर आपल्या देशाचं आपलं असं काय उरेल, ही भीती खोटी नाही.

“झेंडा ठेव. गाणं ठेव. साहेबाची खुर्चीही ठेव,” टँटी म्हणाली. “वादळ दोन्ही बेटांवर एकाच नावानं येतं, तेव्हा तुम्ही सगळे मिळून एकच रेडिओ ऐकता ना? मग बुडणाऱ्याला दोन चिपा कशाला लागतात, हे मला एकदा समजावून सांग. मी शिकलेली नाही.”

हिपोलिटांनी पत्राची घडी घालून ते पुन्हा खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला नवं मत लिहिलं आणि त्याखाली स्वतःच्या नावाने सही केली. लँगडनसाहेबांनी विचारलं, नारळाची टोपली बघून ठेवलीत का. यावेळी हिपोलिट हसले नाहीत. समिती जानेवारीत बसणार होती. ती काय ठरवेल कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि जोस्लिनच्या दोन मुलींना त्या निर्णयाचा आता काही उपयोगही नव्हता.

मग ते मिस इझ्मेंना लिहायला बसले. पहिल्या कागदावर नियमाचा उल्लेख आला, म्हणून तो फाडला. दुसऱ्यावर स्वतःच्या दुःखाविषयीच फार होतं, तोही फाडला. शेवटी एवढंच उरलं:

‘मिस इझ्मे, तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते तेव्हाही पटलं होतं. शेजाऱ्याशी नियम जुळवले म्हणजे आपलं घर जात नाही, हे मी वेळेवर बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो. आता लेखी हो म्हटलं आहे. क्षमा मागत नाही, तेवढा हक्क मला नाही.’

टँटी म्हणाली, मी शुक्रवारी जातेय, हातानेच देते. टपाल आधी तिसऱ्याच मोठ्या बेटावर जातं आणि तीन आठवडे लावतं. पण हिपोलिटांना ते कार्यालयाच्या शिक्क्याने, सगळ्यांच्या देखत जायला हवं होतं.

पोस्टातल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि परदेशाचं तिकीट फाडून दिलं. हिपोलिटांनी ते नीट चिकटवलं आणि पत्र पेटीत टाकलं.