शिखरचंद मांगीलाल यांची सही

"सही जुळून नाही राह्यली, शेठजी," तहसिलीतला हरिसिंग कारकून म्हणाला आणि त्याने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

एक होता शेठजींच्या मुलीच्या, जतनच्या, कर्ज-शिष्यवृत्तीचा जामीन-कागद. त्यावर शिखरचंदांनी आत्ताच, त्याच्या डोळ्यांदेखत नाव लिहिले होते. अक्षरे जाड, वाकडी, भाऊबंदकीतल्या माणसांसारखी एकमेकांपासून फटकून बसलेली. दुसरा होता त्यांच्या स्वस्त धान्य दुकानाचा गेल्या महिन्याचा तक्ता. त्यावरची सही वळणदार, एका दमात केलेली.

बापाच्या मागे उभ्या असलेल्या जतनने मान खाली घातली. ती दुसरी सही तिची होती.

शेलूबाजारच्या त्या दुकानात आता धान्याचे लायसन तेवढे उरले होते. कापड बुडाले, किराणा दुष्काळाने खाल्ला. शिखरचंदांच्या वह्या सगळ्या मारवाडी अक्षरांत. बाळबोध लिपीशी त्यांची नुसती तोंडओळख. पहिला तक्ता 'सही मराठीत हवी' असा शेरा घेऊन परत आला, तेव्हा त्यांनी पाचवीतल्या जतनला गादीवर बसवले आणि म्हणाले, "लिही माह्यं नाव." तेव्हापासून सात वर्षे ते नाव तीच लिहीत आली. दुकान एक, घर एक, तिथे हात कुणाचा हे कोण विचारतो?

यंदा ती अकरावीच्या मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली आणि अकोल्याच्या कॉलेजचे नाव काढले, तेव्हा शिखरचंदांनी हात वर केले. "एका पैशाची आशा ठेवू नको." ते खरेच होते, म्हणून तिला जास्त लागले. मग हेडमास्तरांनी सरकारी कर्जाचा कागद दिला. तो पाहून शिखरचंदांना आधी हसूच आले.

"बिनव्याजी? बिनव्याजी तं सख्खा सासरा देत नाही."

कागद महिनाभर तराजूखाली पडून होता. जतन रोज गिऱ्हाइकाला साखर तोलायची आणि रोज तो तिथे आहे हे बघायची. आई हीराबाई शिखरचंदांना जेवण वाढताना ताट आदळू लागली. शेवटी एका सकाळी शिखरचंद म्हणाले, "घे जा कर्ज." जतनने लगेच पेन उघडले, तर त्यांनी तिचा हात धरला.

"ह्या कागदावर नाही. कर्ज घेनारा अन् जामीन एकाच हातानं लिहितेत काय कुठी? हे मीच करीन."

मग आठ दिवस दुकानात बसून त्यांनी पुडीच्या कागदांवर स्वतःचे नाव गिरवले. गावाने त्या आठवड्यात गूळ नेला तो शिखरचंदांच्या नावातच बांधून.

"मी तुमाले वळखतो शेठजी," हरिसिंग सांगत होता. "दुष्काळात आमच्या तांड्यानं तुमच्याच दुकानातून अमेरिकेची लाल मिलो जवारी नेली. पन नायबसाहेब मानूस नाही पाह्यत, सही पाह्यते. आज शेवटची तारीख हाये. ह्या तक्त्यावरच्यासारखी करा."

त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. शिखरचंदांनी चष्मा सारखा केला आणि तक्त्यावरचे आपले नाव बघून बघून उतरवू लागले. एकदा केले. खोडले. पुन्हा केले. जीभ दातांत धरून हा साठीचा माणूस आपल्या पोरीचे अक्षर गिरवत होता. ओढणीखाली जतनची बोटे वळवळत होती. तिला एक क्षण पुरला असता.

"दादा," ती म्हणाली, "कागद भाईर नेऊ का? बापूजीले इथं हात टेकवाले जागा नाही."

हरिसिंगने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. "नाही बाई. समोरच कराले लागते."

तिसरी सहीही फसली. शिखरचंदांनी पेन खाली ठेवले.

"हरिसिंग, माही खरी सही हेच वाकडी हाये. तक्त्यावरची सात वर्सापासून पोरीच्या हातची हाये. लिहून घे."

 आजवर बापाने जतनसाठी काही पणाला लावले नव्हते, आणि आज एकदम सगळेच लावले.

हरिसिंग उठला. त्याने तक्ता फाइलीत ठेवला आणि फीत घट्ट बांधली.

"हे मी आयकलं नाही, शेठजी. आयकलं तं लिहा लागते. लिहिलं तं लायसन जाते, अन् तुमी कोर्टात." त्याने जामीन-कागद घडी करून शिखरचंदांच्या हातात दिला. "हा वापस न्या, घेता येत नाही. अन् या महिन्याचा तक्ता खिडकीत देऊन जा. आज नाही आला तं पुढचा कोटा अडकन. लोक उपाशी राह्यतीन."

दोघे बाहेर व्हरांड्यात आले. सकाळच्या एस.टी.च्या घाईत तक्त्यावर सही करायची राहूनच गेली होती. बाकांवर माणसे दाटीने बसलेली, टेकायला कुठेच जागा नव्हती. शिखरचंदांनी तक्ता जतनच्या हातात दिला, भिंतीकडे तोंड केले आणि ते वाकले.

जतनने त्यांच्या पाठीवर कागद ठेवला आणि त्यांचे नाव लिहिले.